नातवाची भेट
मुलगा अकाली गेला, सून लेकराला घेऊन माहेरी गेली, की आजी-आजोबांनी नातवाला कोणत्या हक्काने भेटायचं? १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींत त्यांच्या भेटीचं स्वतंत्र कलम नाही. न्यायालय मुलाचं हित पाहून देईल तेवढंच. आजीच्या मांडीवर झोपायची सवय लागलेल्या पोराचं हित आणखी कुठे शोधायचं? विधी आयोगाने २०१५ मध्ये, २५७ व्या अहवालात, आजी-आजोबांसाठीही वेळ राखून ठेवायला सुचवलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडने पोरका केलेला गुजरातमधला मुलगा मावशीऐवजी आजी-आजोबांकडे सोपवला. सुनेचं दुःख मोठंच आहे. पण खासदारांनो, ती सूचना कायद्यात आणा.