हजेरीचे गुण आणि हाताचे कसब

रविवारी सकाळी नऊची वेळ. शहरातल्या एखाद्या हॉटेलचे सभागृह, दारात नोंदणीचे टेबल, मागच्या बाजूला इम्प्लांट विकणाऱ्या कंपन्यांचे स्टॉल. आत पन्नास-साठ दंतवैद्य बसलेले. दुपारच्या जेवणानंतर प्रत्येकाच्या पुढ्यात प्लॅस्टिकचा जबडा किंवा खाटकाकडून आणलेले बकऱ्याच्या जबड्याचे हाड येते. त्यात दोन-तीन स्क्रू बसवून पाहिले जातात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र हातात पडते. असे कार्यक्रम महाराष्ट्रात वर्षभर चालू असतात आणि त्यांत गैर काही नाही. प्रश्न सुरू होतो तो सोमवारी, जेव्हा त्यातलाच एखादा दंतवैद्य आपल्या दवाखान्यात पहिल्या जिवंत रुग्णाच्या जबड्याला ड्रिल लावतो.

कायद्याची त्याला आडकाठी नाही. बीडीएसची पदवी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी एवढे असले की इम्प्लांट बसवता येते. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत, पण इम्प्लांट ही त्यांतली स्वतंत्र शाखा नाही. मुखशल्यचिकित्सा, कृत्रिम दंतरोपण आणि हिरड्यांचे विकार या तीन शाखांचे विद्यार्थी ते आपापल्या अंगाने शिकतात. म्हणजे पाटीवर ‘इम्प्लांट तज्ज्ञ’ असे लिहिलेले असले, तरी त्यामागे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण असू शकते, वर्षभराचा अभ्यासक्रम असू शकतो किंवा दोन रविवार असू शकतात. रुग्णाला पाटीवरून यातले काहीच कळत नाही.

या उपचाराची सुरुवात मात्र अशी सैल नव्हती. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झालेले आढळले. योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले ते १९६५ मध्ये. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट टिकून होते. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर पसरू लागली, तेव्हा तिचे साहित्य कोणालाही मिळत नसे. शस्त्रक्रिया करणारा एक आणि वरचा दात बसवणारा एक, अशा जोडीने आधी प्रशिक्षण घ्यायचे आणि मग काम सुरू करायचे, असा दंडक होता. पुढे कंपन्या वाढल्या, किमती उतरल्या, उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. हे चांगलेच झाले. पण किट विकत घेणे सोपे होत गेले आणि प्रशिक्षणाची ती अट वाटेतच गळून पडली.

दोन दिवसांत काय शिकता येत नाही, हे समजायला जबड्याच्या आत डोकवावे लागते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस पुढे येते आणि उपदाढांच्या जवळ बाहेर पडते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तिच्याकडे असते. इम्प्लांटचे टोक आणि ही नस यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर राखावे, असा सर्वमान्य संकेत आहे. ते चुकले तर ओठ बधिर होतो, कधी कायमचा. चहा हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना कापले तरी कळत नाही. काहींना बधिरपणाऐवजी सतत जळजळ होते, आणि ते अधिक वाईट.

पण चूक होणे आणि चूक लवकर ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुलीचा असर काही तासांत उतरतो. त्यानंतरही ओठ बधिर असेल, तर नसेवर दाब आल्याची शंका घ्यायला हवी. असे इम्प्लांट पहिल्या एक-दोन दिवसांत काढले, तर नस सावरण्याची शक्यता बरीच जास्त असते. ‘होईल हळूहळू’ म्हणत पंधरा दिवस गेले, की ती संधी हातची जाते. म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी रुग्णाला फोन करून ओठाची चौकशी करतो. या फोनला साधन लागत नाही, खर्च येत नाही. तरी तो बहुतेक प्रात्यक्षिकांत शिकवला जात नाही, कारण बकऱ्याच्या हाडाला ओठ नसतो.

उष्णतेचेही तसेच. हाड सुमारे ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापले तरी त्याला इजा होते, हे योटेबोरीच्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवले. बोथट झालेले ड्रिल, कमी पडणारे सलाइन किंवा घाईने दिलेला जोर, यांतले काहीही हाड तापवायला पुरते. त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी इम्प्लांट हलू लागते आणि रुग्णाला सांगितले जाते की ‘तुमच्या हाडाने ते स्वीकारले नाही’. कधी ते खरेही असते. पण किती जोर द्यायचा, ड्रिल केव्हा टाकून द्यायचे, हाड मऊ लागले तर काय बदलायचे, हे शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याने हात धरून दाखवल्याशिवाय कळत नाही.

खालच्या पुढच्या दातांची जागा नवख्याला सोपी वाटते. समोर दिसते, तोंड फार उघडावे लागत नाही. पण तिथे जिभेच्या बाजूला हाडाला खोलगट बाक असू शकतो आणि त्याला लागून रक्तवाहिन्या असतात. ड्रिल तिकडून आरपार गेले तर जिभेखाली रक्त साचते, जीभ वर उचलली जाते आणि श्वास अडू शकतो. असे क्वचित घडते, पण घडले तर दवाखान्यातून थेट रुग्णालय गाठावे लागते. जबड्याच्या साध्या पूर्ण एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी आणि हा बाक दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन लागतो, आणि तो नुसता काढून भागत नाही, वाचताही यावा लागतो.

रुग्णाची निवड हा तर वेगळाच धडा. मधुमेह आटोक्यात आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गुटख्याने तोंड किती उघडते. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटाच्या औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आहे. साठीच्या बाईंना ‘कुठली औषधे चालू आहेत?’ असे विचारले तर त्या रक्तदाबाची आणि साखरेची गोळी सांगतात. आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन त्यांच्या लेखी ‘चालू औषध’ नसते. ते नाव घेऊनच विचारावे लागते.

आता नियमांकडे. भारतीय दंत परिषदेच्या निरंतर दंतशिक्षणाच्या नियमांनुसार दंतवैद्याने पाच वर्षांच्या चक्रात ठरावीक गुण मिळवायचे असतात. व्याख्याने, कार्यशाळा, परिषदा यांतून ते मिळतात. व्यवस्था आहे, नोंदही होते. पण मोजली जाते ती हजेरी. तीन तास नस वाचवण्यावरचे व्याख्यान ऐकलेला आणि तीन तास मागच्या रांगेत मोबाइल पाहिलेला, दोघांचे गुण सारखेच.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून दंतवैद्याने पाच वर्षांत १०० तासांचे पडताळता येणारे शिक्षण घ्यायचे असते. तिथेही तासच मोजतात. फरक एवढा की आधी स्वतःची शिकण्याची योजना लिहायची आणि नंतर त्यातून काय साधले याची नोंद ठेवायची. इम्प्लांट तिथेही स्वतंत्र विशेषज्ञ शाखा नाही. म्हणून त्यासाठी व्यावसायिक संस्थेने वेगळी प्रशिक्षण मानके केली आणि त्यांत अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाला मध्यवर्ती जागा दिली. आणखी एक साधन जगभर वापरात आहे. इंटरनॅशनल टीम फॉर इम्प्लांटॉलॉजी या स्वित्झर्लंडमधील संस्थेने रुग्णांची सोपे, प्रगत आणि गुंतागुंतीचे अशी तीन गटांत प्रतवारी केली आहे. पुरेसे हाड असलेली खालची एखादी दाढ सोप्या गटात बसू शकते. हसताना हिरडी दिसणाऱ्या तरुणीचा वरचा पुढचा दात, हाड झिजलेले असेल तर, सरळ तिसऱ्या गटात. शिकणाऱ्याला आपली पायरी कोणती हे त्यातून कळते.

आपल्याकडे मात्र शिकवणारा आणि विकणारा पुष्कळदा एकच असतो. ठरावीक संख्येने इम्प्लांट घेतले की कोर्स सवलतीत, असे गणित असेल तर ‘या रुग्णाला इम्प्लांट नको, ब्रिज किंवा कवळी बरी’ हे वाक्य व्यासपीठावरून फार जोरात ऐकू येत नाही. त्याहून नाजूक बाब म्हणजे ‘लाइव्ह पेशंट’ कोर्स. तत्त्व म्हणून तोच योग्य मार्ग, कारण हात रुग्णावरच बसतो. पण इम्प्लांट हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि कोर्स तीन-चार दिवसांत संपतो. मोफत उपचार म्हणून आलेल्या रुग्णाचा वरचा दात कोण बसवणार, सूज आली तर त्याने कोणाला फोन करायचा, हे आधी लेखी ठरलेले नसेल, तर तो रुग्ण नुसता सरावाचे साहित्य ठरतो. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. फॉर्मवरची सही एवढाच तिचा अर्थ नाही.

दंतवैद्यांची अडचणही खरी आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडतात आणि एमडीएसच्या जागा त्या मानाने थोड्या. तालुक्याच्या गावी कर्ज काढून दवाखाना टाकलेल्या तरुणीला इम्प्लांट येत नसेल, तर रुग्ण शहराकडे जातो. पुष्कळ दवाखाने यावर बाहेरून तज्ज्ञ बोलावतात. तो आपले किट घेऊन येतो, शस्त्रक्रिया करतो आणि पुढच्या गावी जातो. ही पद्धत शिक्षणाची मोठी संधी आहे. दवाखान्याच्या मालकीणबाईंनी अशा तज्ज्ञाबरोबर वीस शस्त्रक्रियांत मदतनीस म्हणून काम केले, पुढच्या दहा त्याच्या नजरेखाली स्वतः केल्या, तर ते कोणत्याही हॉटेलातल्या दोन दिवसांपेक्षा भारी शिक्षण आहे. आज त्याला एकही गुण मिळत नाही.

तो मिळायला हवा. त्यासाठी कोणाचा हक्क काढून घ्यावा लागत नाही, गुणांची व्याख्या बदलावी लागते. मार्गदर्शकाच्या सहीची कामाची वही, प्रत्येक रुग्णाचा आधीचा स्कॅन आणि वर्षभरानंतरचा एक्स-रे, फसलेल्या प्रकरणांसह. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये किंवा गोव्यात बांबोळीचे महाविद्यालय इथे रुग्णही आहेत आणि शिक्षकही. तिथे बाहेरच्या दंतवैद्यांसाठी आठवड्यातून एक दिवस राखणे अशक्य नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्यात आचारसंहिता आणि नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ आहे, राष्ट्रीय नोंदवहीचीही तरतूद आहे. त्या नोंदवहीत पदवीबरोबर देखरेखीखालील प्रशिक्षणही दिसावे, ही मागणी दंतवैद्यांच्या संघटनांनीच करायला हवी, कारण तीन वर्षे घासून शिकलेल्यांचे नुकसानही याच संदिग्धतेत होते.

तोवर रुग्णाच्या हातात थोडेसे आहे. शस्त्रक्रिया कोण करणार, ती व्यक्ती नंतरही भेटणार का, स्कॅन काढला का, रात्री ओठ बधिर राहिला तर कोणत्या नंबरवर सांगायचे, एवढे विचारता येते. आणि इम्प्लांटच्या डबीवरचे कंपनी, आकार व बॅच क्रमांक लिहिलेले स्टिकर मागून घेऊन फाइलला लावता येते. पाच-सात वर्षांनी बदलीच्या गावी वरचा दात सैल झाला, तर तिथल्या दंतवैद्यासमोर पहिली अडचण असते ती आतला स्क्रू कोणत्या कंपनीच्या किल्लीने फिरेल ही, आणि स्टिकर नसेल तर तो एक्स-रे उजेडात धरून अंदाज बांधत बसतो.