विजेत्याचे छायाचित्र आणि इतरांची खातेवही

सीवूड्समध्ये सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा लास वेगासमध्ये आदल्या दिवशीचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. जुलै महिन्यात तेथे ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा रंगात आलेली असते. त्याच वेळी पाम बीच मार्गालगतच्या अनेक घरांत चहाच्या कपाशेजारी मोबाईलवर तिचे प्रक्षेपण सुरू असते. मशीद बंदरचा बाजार तुर्भ्याला आला, त्यामागोमाग नवी मुंबईत स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबांची ही तिसरी पिढी. कोणता व्यावसायिक खेळाडू किती चिपांवर आहे आणि कोण बाद झाला, हे या मुलांना तोंडपाठ असते. वडीलधाऱ्यांना ते निव्वळ पत्ते वाटतात, तर मुलांना तो एक व्यवसाय वाटतो. वाद येथे अडतो. तो सोडविण्यासाठी उपदेशापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडेल.

बेनी बिनियन यांनी १९७० साली लास वेगासमधील आपल्या हॉर्सशू कॅसिनोत ही स्पर्धा सुरू केली. मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क पन्नासहून अधिक वर्षे दहा हजार डॉलरच राहिले आहे. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून प्रवेश मिळविला आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी ८३९ प्रवेशिका होत्या, तर २०२४ साली त्या १०,११२ झाल्या. एका हिशेबनिसाच्या छायाचित्राने जगभरातील हजारो तरुणांना या टेबलाकडे ओढले.

आता २०२४ चाच ताळेबंद मांडून पाहावा. जमा झालेले शुल्क १० कोटी ११ लाख २० हजार डॉलर होते. प्रत्येक प्रवेशिकेतील ७०० डॉलर आयोजनापोटी वजा झाले आणि बक्षिसांसाठी ९ कोटी ४० लाख ४१ हजार ६०० डॉलर उरले. म्हणजे पहिला पत्ता वाटला जाण्यापूर्वीच सर्व खेळाडू मिळून सात टक्के तोट्यात होते. विजेता जोनाथन तमायो याला एक कोटी डॉलर मिळाले. बक्षिसे साधारणपणे पंधरा टक्के खेळाडूंनाच मिळतात आणि त्यांतीलही बहुतेकांची रक्कम विजेत्याच्या तुलनेत अगदी लहान असते. उरलेल्या पंच्याऐंशी टक्के लोकांचे दहा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वाआठ लाखांहून अधिक रुपये, पूर्णपणे गेले.

यात कौशल्य नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. समोरच्याच्या पैज लावण्याच्या पद्धतीवरून त्याचे पत्ते ताडणे, शक्यतांचे गणित मनात करणे आणि वेळीच डाव सोडून देणे ही साधना वर्षानुवर्षांची असते. मायकेल मिझराची याने २०२५ साली मुख्य स्पर्धा आणि पन्नास हजार डॉलर शुल्काची प्लेयर्स चॅम्पियनशिप एकाच हंगामात जिंकली, हे केवळ दैवाने घडत नाही. भारताचे संतोष सुवर्णा यांनी २०२४ मध्ये अडीच लाख डॉलर शुल्काची स्पर्धा जिंकून सुमारे ५४ लाख डॉलर मिळविले.

तरीही कौशल्याला मर्यादा आहे. एका खेळाडूच्या हाती दोन एक्के आणि दुसऱ्याच्या हाती दोन राजे असताना दोघांनी सर्व चिपा पुढे सारल्या, तर एक्केवाला शंभरातून सुमारे ८२ वेळा जिंकतो. याहून अनुकूल प्रसंग क्वचितच येतो. पण असे पाच प्रसंग ओळीने आले, तर पाचही वेळा तरण्याची शक्यता ३७ टक्केच उरते. उत्तम निर्णय घेऊनही बाद होणे हा या खेळातला नित्याचा अनुभव आहे. म्हणून जाणते व्यावसायिक आपल्या भांडवलाचा लहानसा भागच एका स्पर्धेत घालतात आणि आपल्या संभाव्य बक्षिसातील हिस्से आधीच विकून जोखीम वाटून घेतात. त्यामुळे विजेत्याच्या छायाचित्राखाली छापलेली रक्कम बहुधा त्याच्या एकट्याची नसते.

स्टू अंगर याची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९८०, १९८१ आणि पुन्हा १९९७ साली त्याने मुख्य स्पर्धा जिंकली. तिसऱ्या वेळी त्याचे शुल्क बिली बॅक्स्टर यांनी भरले होते आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसात त्यांचा निम्मा वाटा होता. अंमली पदार्थ आणि इतर जुगार यांत अंगरचे सर्व काही गेले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये लास वेगासच्या एका मोटेलमध्ये तो मृतावस्थेत आढळला. पत्त्यांतील त्याची बुद्धी अखेरपर्यंत असामान्यच होती, परंतु मिळालेले राखण्याची शिस्त त्याच्याकडे नव्हती.

भारतातील खेळाडूसाठी गणित आणखी अवघड आहे. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो, अधिभार व उपकर वेगळा, आणि त्यातून कोणताही खर्च वजा करता येत नाही. समजा, कोणी गोव्यातील टेबलावर वर्षभरात एक लाख शुल्काच्या दहा स्पर्धा खेळला, नऊ हरला आणि एकीत बारा लाख मिळविले. हाती शिल्लक दोन लाख दिसते. कर मात्र बारा लाखांवर, म्हणजे तीन लाख साठ हजार. जिंकूनही तो एक लाख साठ हजारांच्या तोट्यात गेला. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ बंद केले. खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा भेद त्या कायद्याने ठेवलेला नाही. घरबसल्या पोकरवर उपजीविका करणाऱ्यांचा मार्गच त्यामुळे खुंटला.

जैन परंपरेने सप्त व्यसनांत जुगाराला पहिले स्थान दिले आहे. व्यापारी मनाला त्यामागील व्यवहारही समजण्यासारखा आहे. मसाला बाजारात जिऱ्याची गोणी विकली जाते, तेव्हा विकणाऱ्याला नफा आणि घेणाऱ्याला माल मिळतो. पत्त्यांच्या टेबलावर एकाची जमा ही दुसऱ्याचीच नावे असते आणि दोघांकडून टेबलाचा मालक आपला वाटा घेतो. अशी टेबले केवळ कॅसिनोतच नसतात. वायदे व ऑप्शन्समध्ये २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, असे सेबीच्या अभ्यासात आढळले. पोकरला नाके मुरडणाऱ्या पेढीवरही हे टेबल मांडलेले असू शकते.

घरातील मुलगा असा काही मार्ग धरू पाहत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी त्याच्याकडून वही मागावी. किती वेळा शुल्क भरले, ते पैसे कोणाचे होते, कर वजा जाता काय उरले, हे तीन रकाने त्याने स्वतः भरावेत. खेळाडूंच्या यशाच्या याद्यांत केवळ जमेची बाजू असते. नावेची बाजू स्वतःच्या हाताने लिहिताना, बुद्धिमान मुलाला सहसा दुसऱ्या कोणी काही सांगावे लागत नाही.