दोन दिवस तारोडीला, कुत्र्यासह

उतारवयात घर सोडून कोठे का जात नाही, असे विचारले की बहुतेक रुग्ण गुडघ्याकडे किंवा वारंवार होणाऱ्या लघवीकडे बोट दाखवतात. अलीकडे आणखी एक कारण पुष्कळदा कानी येते : ‘डॉक्टर, कुत्र्याला कोठे ठेवायचे?’ मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशी, घरात दोघे किंवा एकटेच, आणि सोबतीला मुलांनीच कधीतरी आणून दिलेला कुत्रा. त्याच्यापायी लग्नकार्ये चुकतात, भावंडांकडे जाणे राहून जाते. गोष्ट एवढ्यावरच थांबती, तर या सदरात तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु याच काळजीने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहणारे आणि अंगात ताप असताना रुग्णालयात दाखल होण्यास नकार देणारे लोकही मी पाहिले आहेत.

हा जिव्हाळा हसण्यावारी नेऊ नये. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी आहे. राजालाही जे सुटले नाही, ते आपल्याला कसे सुटावे? तेव्हा कुत्र्याला घेऊनच, दोन दिवस आणि एक रात्र, एक लहानशी सहल या हिवाळ्यात करावी असे मी सुचवितो. वृद्धांना हवापालट मिळतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला थोडी मोकळीक मिळते. आणि त्याखेरीज एक मोठा लाभ होतो, त्याविषयी शेवटी लिहितो.

जागा जवळचीच निवडावी

पहिल्या खेपेस घरापासून तास-दोन तासांच्या आतले ठिकाण निवडावे. मुंबई, ठाणे व वसई परिसरातील वाचकांसाठी मीरा-भाईंदरमधील तारोडीचे उदाहरण घेऊ. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे व मिठागरे मागे टाकत रस्ता डोंगरी-तारोडीकडे येतो आणि पुढे उत्तनच्या कोळीवाड्याकडे जातो. झाडी, वाड्या, चर्च, जवळच समुद्र, आणि तरीही भाईंदरची रुग्णालये मोटारीने फार दूर नाहीत. वृद्धांच्या सहलीत हे शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे. अन्यत्र राहणाऱ्यांनी आपल्या परिसरातील असेच गाव शोधावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात निसरडे आणि साचलेले पाणी, तर उन्हाळ्यात उकाडा, दोन्ही ऋतू वृद्धांना व कुत्र्याला सारखेच त्रासदायक.

निघण्यापूर्वी

मुक्कामाच्या जागी दूरध्वनी करून ‘कुत्रा चालतो का?’ एवढेच विचारू नये. खोली तळमजल्यावर आहे का, शौचालय खोलीला जोडून व कमोडचे आहे का, आवारात दुसरी कुत्री मोकळी फिरतात का आणि कुंपण आहे का, हेही विचारावे. जिना चढून कुत्र्याला दिवसातून चार वेळा खाली आणणे ही सुट्टी नव्हे.

कुत्र्याची रेबीजची लस व अन्य लसी वेळेवर झाल्या आहेत याची खात्री पशुवैद्याकडून करून घ्यावी आणि लसीकरणाची पुस्तिका बरोबर ठेवावी. गळपट्ट्यावर आपला भ्रमणध्वनी क्रमांक असावा. अनोळखी जागी कुत्रा सुटला, तर घरचा रस्ता त्याला ठाऊक नसतो.

आपली औषधे तीन दिवसांची जादा घ्यावीत. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवावे. मात्र ते बर्फाला थेट टेकू देऊ नये. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे बरेच जण प्रवासाच्या दिवशी ती स्वतःहून गाळतात. तसे करू नये. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

येथे एक बारीक पण मोलाची सूचना. मधुमेही व्यक्ती साखर अचानक उतरली तर असावे म्हणून पिशवीत मनुके ठेवतात, आणि तोंडाला चव म्हणून साखरविरहित च्युइंग गम. मनुके व द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. अशा गममध्ये पुष्कळदा झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याची साखर धोकादायक रीतीने उतरते. म्हणून मनुक्यांऐवजी ग्लुकोजची पूड किंवा साध्या साखरेची पुडी ठेवावी. चॉकलेट, कांदा-लसूण घातलेले पदार्थ आणि आपल्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉलसुद्धा, कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा बंद डब्यात असाव्यात. प्रवासात औषधांची पिशवी खालीच ठेवली जाते, आणि कुत्र्याचे नाकही तेथेच असते.

प्रवासात

लोकलच्या गर्दीत वृद्ध आणि कुत्रा दोघांचेही हाल होतात. स्वतःची मोटार किंवा आधी विचारून ठरविलेली भाड्याची गाडीच बरी. लांबच्या रेल्वेप्रवासात प्रथम वर्गाचा संपूर्ण कुपे किंवा केबिन आरक्षित असेल तरच कुत्र्याला बरोबर बसविता येते, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यात पाठवावे लागते. वृद्धांच्या पहिल्या सहलीसाठी हा खटाटोप नकोच.

कुत्र्याला मागच्या आसनावर पट्ट्याने बांधावे. चालविणाऱ्याच्या किंवा आजींच्या मांडीवर नव्हे. निघण्यापूर्वी दोन-तीन तास त्याला पोटभर खाऊ घालू नये, पाणी मात्र द्यावे. बंद मोटारीत त्याला ‘पाचच मिनिटे’ म्हणूनही सोडू नये. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो, आणि बंद गाडी हिवाळ्यातील उन्हातही फार लवकर तापते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका अधिक.

मुक्कामाची पहिली रात्र

वृद्धांच्या बाबतीत मला सर्वांत अधिक भीती वाटते ती या रात्रीची. घरात डोळे मिटूनही शौचालयाची वाट सापडते. नव्या खोलीत ती सापडत नाही. त्यातच नव्या जागेने बावरलेला कुत्रा नेहमीची जागा सोडून नेमका पलंगाशी येऊन झोपतो. रात्री दोन वाजता उठलेला पाय त्याच्यावर पडतो आणि मांडीचे हाड मोडते. यावर उपाय साधे आहेत. कुत्र्याचे घरचेच अंथरूण न्यावे व ते वाटेपासून दूर अंथरावे. त्याच्या गळ्यात लहानसा घुंगरू बांधावा. रात्रभर मंद दिवा चालू ठेवावा, उशाशी विजेरी असावी, आणि उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या काठावर बसूनच उभे राहावे.

फिरायला निघाल्यावर

सकाळी नऊच्या आत व सायंकाळी ऊन उतरल्यावर फिरावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सहन झाले नाही, तर त्याच्या पंजांनाही होणार नाही.

फिरविण्याची दोरी चार ते सहा फुटांची, न लांबणारी असावी. ती मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये. कुत्र्याने अचानक हिसका दिला तर बोट मोडते किंवा माणूस तोंडघशी पडतो. ज्यांना काठी लागते त्यांनी दोरी हाती घेऊच नये, कारण तोल गेला तर आधार घ्यायला हात मोकळा राहत नाही. दोरी दुसऱ्याने धरावी, आजोबांनी शेजारून चालावे. सोबत तीच असते.

गावात मोकळी कुत्री असतात, कोंबड्या व शेळ्या असतात. आयर्लंडच्या ग्रामीण भागात कुत्र्यांसह सुट्टीला जाणारे पुष्कळ आहेत. तेथे मेंढ्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याला काही परिस्थितीत गोळी घालण्याची मुभाही कायदा शेतकऱ्याला देतो, म्हणून कुरणाजवळ कुत्रा दोरीनेच नेण्याची शिस्त पाळली जाते. आपल्याकडेही गावकऱ्यांचे पोट ज्यावर आहे त्याचा मान ठेवावा. उत्तनला बोंबील वाळत घातलेले असतात; त्यांच्या जवळपास कुत्र्याला नेऊ नये. किनाऱ्यावर पडलेली मेलेली मासळी त्याला खाऊ देऊ नये. तीत फुगणारा केंड मासा असू शकतो आणि त्याचे विष प्राणघातक आहे.

दोन कुत्र्यांत जुंपली तर वृद्धांनी एकच करावे : दोरी सोडून मागे सरावे. मध्ये हात घालणाऱ्याला हमखास चावा बसतो, आणि तो बहुधा आपल्याच कुत्र्याचा असतो.

परतल्यावर कुत्र्याचे कान, मान व बोटांमधील जागा गोचिडांसाठी तपासावी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तेल किंवा काडेपेटीचे प्रयोग करू नयेत. पायाला भेगा असणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेहींनी, साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये. तेथे उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर आपण कोठे गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

चावा किंवा ओरखडा

कोणत्याही कुत्र्याने चावले किंवा नखाने रक्त काढले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लसीचे डोस पद्धतीनुसार ०, ३, ७ व २८ या दिवशी, किंवा ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी दिले जातात. सहल संपली म्हणून पुढील डोस चुकवू नयेत. कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देण्याची आवश्यकता असते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण सहसा वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर तो टळतो. कुत्रा घरचा व लस टोचलेला असला तरी हा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्ती पडल्या व डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी लगेच तपासणी करून घ्यावी. त्यासाठी निघण्यापूर्वीच जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक लिहून ठेवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

परतल्यावरचे काम

आता त्या मोठ्या लाभाविषयी. या दोन दिवसांत बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. दोरी धरणे आजोबांना आता झेपते का? कुत्रा सुनेच्या हातून जेवतो का? शेजारच्या माणसाबरोबर तो तासभर शांत राहतो का? घरच्या रोजच्या धबडग्यात हे कळत नाही; आणि कळते ते रुग्णवाहिका दारात उभी असताना, जेव्हा विचार करायला वेळ नसतो.

म्हणून घरी आल्यावर एक कागद घ्यावा. कुत्र्याला सांभाळू शकतील अशा दोन व्यक्तींची नावे त्यांना विचारून लिहावीत. एक नव्हे, दोन. त्याचे खाणे, वेळा, औषधे, भीती, पशुवैद्याचा क्रमांक आणि लसींच्या तारखा लिहाव्यात. घराची एक किल्ली त्यांपैकी एकाकडे द्यावी. तो कागद आपल्या वैद्यकीय कागदपत्रांच्या फाइलमध्येच लावावा. महिन्यातून एकदा कुत्र्याला त्या व्यक्तीकडे अर्धा दिवस ठेवावे, म्हणजे दोघांनाही एकमेकांची सवय होईल.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती. ‘कुत्र्यासाठी काय एवढे?’ असे म्हणून वृद्धांना गप्प करू नका. त्यांच्या काळजीची नीट व्यवस्था लागली, की उपचारांना त्यांची संमती पुष्कळदा सहज मिळते. दोन दिवस तारोडीला घालवून या, कागद भरा, आणि मग राहिलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवा.