एवढीशी गोळी

गेल्या दिवाळीत आमच्या दादाला हृदयविकाराचा झटका आला. दैव बलवत्तर, वाचला! पुढे दाढी करताना गाल कापला, रक्त लवकर थांबेना. तेव्हा स्वारीने अ‍ॅस्पिरिनची गोळी परस्पर बंद केली. वहिनी घाबरल्या. मी पडलो मराठीचा मास्तर. दादाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, “रक्तातल्या प्लेटलेट जखम दिसली की धावून येतात, एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. पण हृदयाच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटला, तरी त्यांना ती जखमच वाटते. गुठळी धरते, वाट बंद! झटक्यानंतर तर त्या जास्तच चिकट होतात. गोळी त्यांना आवरते. प्लेटलेट जगते आठदहा दिवस. रोज नव्या येतात, म्हणून गोळीही रोज. रक्त थांबेना तर मला विचारा, मनाने बंद करू नका.”

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने पहिल्या पाच आठवड्यांत झालेले मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी भरले होते.

यंदा फराळ झाल्यावर वहिनींनी दादापुढे पाण्याचा पेला आणि गोळी ठेवली. दादाने आधी चकलीच्या डब्याकडे पाहिले, मग वहिनींकडे. आणि निमूटपणे गोळी गिळली. आमची दिवाळी तिथेच साजरी झाली!