आजारी माणूस आळशी नसतो

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी गप्पांत एक वाक्य हटकून येतं. गणपतीची पंगत असो की दिवाळीचा फराळ, विषय टॅक्सवर गेला की कुणीतरी म्हणतंच, “या लोकांना कामच नको असतं. डॉक्टरची चिठ्ठी आणायची आणि बेनिफिट्सवर बसून खायचं. पैसे भरायला आपण आहोतच!” आजूबाजूचे माना डोलावतात. तुम्हीही कधी डोलावली असेल. आरोग्य आणि रोजगार यांची आकडेवारी तपासणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून स्पष्टच सांगते: हे वाक्य खोटं आहे, आणि आपल्या तोंडी तर ते मुळीच शोभत नाही.

२०२४मध्ये इथे दीर्घ आजारामुळे कामाबाहेर असलेल्यांची संख्या २८ लाखांच्या आसपास होती. त्यात काही लबाड असतील, मान्य. पण दुसरा आकडा पाहा. इंग्लंडच्या सर्वांत गरीब दहा टक्के वस्त्यांत जन्मलेल्या मुलाला चांगल्या प्रकृतीची सुमारे ५२ वर्षं मिळतील, सर्वांत सधन दहा टक्क्यांत सुमारे ७०, असा २०१८-२०चा सरकारी अंदाज आहे. सरकारी पेन्शनचं वय मात्र दोघांनाही एकच, ६६, आणि तेही आता ६७कडे सरकतंय. म्हणजे एकाची प्रकृती पेन्शनच्या चौदा वर्षं आधी ढासळते, दुसऱ्याची पेन्शननंतर चार वर्षांनी. ही मधली चौदा वर्षं पहिल्याने काय करायचं? गोदामात खोकी उचलत राहिला तर दुखणं वाढतं. थांबला तर आपण त्याला आळशी म्हणतो.

“त्यांच्या सवयीच वाईट,” हे पुढचं उत्तर. ते उत्तर केव्हाच तपासून झालं आहे. १९६७मध्ये लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सतरा हजारांवर पुरुष सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना मोफत सरकारी उपचार. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही बराच फरक उरला. शिवाय फरक फक्त तळाशी नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीपेक्षा आजारी होता. मायकेल मार्मट यांनी पुढच्या अभ्यासात दाखवलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, यावरही हृदयाचं आरोग्य अवलंबून असतं. लबाडी अशी पायरीपायरीने वाटली जात नाही. विषमता वाटली जाते.

खरं तर हे शिकायला आपल्याला व्हाइटहॉलची गरज नाही. बीड जिल्हा पुरेसा आहे. तिथून दर हंगामात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायची असते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे मजुरी बुडालीच, वर दंड. फडात ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीत, जंतुसंसर्गातही मोळ्या वाहाव्या लागतात. मग खासगी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी जवळजवळ १४ हजार जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहांतली एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल, आणि ती फेडायला पुन्हा फड, आता आणखी दुखऱ्या अंगाने.

या बाईला तुम्ही आळशी म्हणाल? नाही ना? मग इथल्या केअर वर्करला का म्हणता? आजारपणाच्या रजेचे पहिले तीन दिवस कायद्याने एक पैसाही न देण्याची पद्धत या देशात वर्षानुवर्षं चालत आली. २०२४-२५मध्ये चौथ्या दिवसापासून मिळायचे आठवड्याला ११६.७५ पौंड, आणि पगार ठरावीक रकमेच्या खाली असेल तर तेही नाहीत. खाडा तो खाडाच, फक्त इंग्रजी कपड्यातला. २०२२नंतर भारतातून केअर व्हिसावर आलेल्या हजारोंची गत तर आणखी अवघड: व्हिसा मालकाला बांधलेला, नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर परत जा. ही माणसं ताप अंगावर काढणार नाहीत तर काय करणार?

“पण आम्ही नाही का राबलो?” राबलात. पण तुम्ही निवडून आणलेले आहात. तरुण वय, डिग्री, हाती टीबी नसल्याचं सर्टिफिकेट, मागे शिकलेले आईबाप. पेटीत निवडून भरलेल्या हापूसने झाडाखाली पडलेल्या आंब्याला नावं ठेवण्यातला हा प्रकार आहे.

काम वाईट असतं असं मी म्हणत नाही. बेकारीही माणसाला आजारी पाडते. म्हणूनच आजारी माणसाचे पैसे कापून तो कामावर येत नाही. प्रकृती सांभाळून करता येईल असं काम मिळालं तर येतो.

तेव्हा तीन गोष्टी करा. तुमचं हॉटेल, दुकान, एजन्सी असेल तर आजारी नोकराला पहिल्या दिवसापासून पगार द्या. घर साफ करायला येणारी बाई तापामुळे आली नाही तर तिचे त्या दिवसाचे पैसे कापू नका. आणि मंडळातर्फे गावाकडे आरोग्य शिबिराला देणगी पाठवाल, तेव्हा लोहाच्या गोळ्यांबरोबर एक प्रश्नही पाठवा: खाडा बंद कधी करताय? शिबिर दोन दिवसांचं असतं, खाडा सहा महिने चालतो.