आरोग्य घराचे : गरम बोर्डाचा इशारा
दि. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत दहाहून अधिक रुग्णांचा अंत झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पळता येत नाही. म्हणून नंदुरबारकडील जुन्या घरांतही ज्येष्ठांच्या खोलीतील वायरिंग प्रथम तपासून घ्यावी. एमसीबी जादा भार ओळखतो; सैल जोडाची उष्णता मात्र त्याला कळत नाही. लाकडी पेटीत तीच उष्णता पेट घेते. तारांचे जोड धातूच्या अथवा ज्वालारोधक प्लास्टिकच्या झाकणबंद पेटीतच असावेत. पेटीची भोके उघडी नसावीत. बोर्ड गरम लागल्यास, जळका वास आल्यास मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. रुग्ण प्राणवायूच्या यंत्रावर असेल, तर पर्यायी सिलिंडर आधीपासूनच जवळ असावा.