टायरमधली हवा

जून आला की गणवेश, वह्या, रेनकोट यांची तयारी होते. मुलांना शाळेत आणणाऱ्या गाडीच्या टायरकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. पेडण्याचा महामार्ग असो वा डिचोलीचा खाणीकडचा रस्ता, पावसात गाडी रस्त्याला धरून राहते ती टायरवरच्या खाचांमुळे.

टायर आपले दुखणे स्वतःच दाखवतो. हवा कमी असली की दोन्ही कडा आधी झिजतात, जास्त भरली की मधला भाग. एकच कड झिजली तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेले असते. मग कितीही हवा भरा, उपयोग नाही. कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. आमच्या मते पावसाळ्यापूर्वी तेवढीही वाट पाहू नये.

पुष्कळजण टायरवर छापलेल्या आकड्याएवढी हवा भरतात. तो कमाल दाब असतो. आपल्या गाडीचा योग्य दाब बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला सापडतो, आणि तो टायर थंड असतानाच मोजायचा.

विश्वस्त मंडळाकडे आमचा आग्रह आहे की शाळेच्या बसच्या टायरांचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलू नये. दाब मोजण्याचे मीटर थोडक्या पैशांत येते. दर सोमवारी पहिल्या फेरीपूर्वी चालककाकांनी दाब मोजून वहीत लिहावा. नववीच्या मुलांनी त्याचा आलेख काढावा. पुस्तकातला 'दाब' त्यांना तिथे भेटेल. वही कार्यालयात राहील, पालकांनी ती केव्हाही मागावी.